सेवेचे मोल आणि राज्याचे उत्पन्न

सुगी संपून खळ्यावर धान्याची रास पडली की देशावरच्या जुन्या गावात बलुतेदार आपापला वाटा नेण्यास येत. सुतार व लोहार यांनी वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करून दिलेले असत, न्हाव्याने घरातील पुरुषांची हजामत केलेली असे, परटाने कपडे धुतलेले असत, गुरवाने देवाची पूजा केलेली असे आणि महाराने गावाची राखण करून सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविलेले असे. या कामांचे पैसे त्या त्या वेळी कोणी देत नसे. खळ्यावरची पेंढी किंवा सुपातले धान्य हाच त्यांचा मोबदला होता. आता समजा, एखादा हिशेबनीस त्या गावाचे वर्षाचे उत्पन्न मोजावयास निघाला, तर त्याने काय मोजावे? रास मोजून थांबावे, की राशीच्या शेजारी न्हाव्याचे, परटाचे आणि राखणदाराचे कामही मांडावे? रास मोजली म्हणजे बलुत्याचे धान्य तीत आलेच, मग बलुतेदारांचे काम वेगळे धरले तर एकच शेर धान्य दोनदा मोजले असे होणार नाही काय?

हा प्रश्न वरवर पाहता साधा दिसतो. तथापि गेली दीडशे वर्षे भारताच्या आणि भारतातील प्रत्येक राज्याच्या उत्पन्नाच्या मोजणीत तो पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे. देशाच्या एकूण मूल्यवर्धनातील निम्म्याहून अधिक भाग आज व्यापार, वाहतूक, बँका, शिक्षण, आरोग्य, कारभार यांसारख्या सेवांतून येतो. त्यामुळे सेवांची मोजणी चुकली तर राज्याची श्रीमंती आणि गरिबी यांविषयीची सारी समजूतच चुकते.

भारतातील या मोजणीचा प्रारंभ दादाभाई नौरोजी यांच्यापासून होतो. 1874 साली बडोदे संस्थानचे दिवाणपद सांभाळून परतलेल्या दादाभाईंनी 1876 मध्ये मुंबईत 'हिंदुस्थानचे दारिद्र्य' या विषयावर आपला निबंध वाचला. 1867 ते 1870 या काळातील सरकारी कागदपत्रांवरून त्यांनी प्रांतवार पिकांचे क्षेत्र, दर एकरी उतारा आणि बाजारभाव जुळविले. सरकारी अहवालांत जिल्ह्यांच्या सरासऱ्यांची नुसती बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागीत असत. लहान जिल्हा आणि मोठा जिल्हा यांना अशा रीतीने सारखेच वजन मिळते, ही चूक दादाभाईंनी दाखवून दिली आणि प्रत्येक जिल्ह्याच्या क्षेत्राप्रमाणे हिशेब केला. त्यांच्या मते ब्रिटिश हिंदुस्थानचे वार्षिक उत्पन्न सुमारे 34 कोटी पौंड, म्हणजे 340 कोटी रुपये होते आणि लोकसंख्या 17 कोटी होती. दरडोई उत्पन्न वर्षाला अवघे 20 रुपये निघाले. तुरुंगातील कैद्यांच्या खाण्याकपड्यावर सरकार जो खर्च करी, त्याच्याशी त्यांनी हा आकडा ताडून पाहिला, तेव्हा मोकळ्या रयतेपेक्षा कैदी बरा, असेच चित्र उभे राहिले.

लंडनच्या इंडिया ऑफिसातील डॅन्व्हर्स नावाच्या अधिकाऱ्याने 1880 मध्ये या आकड्यावर आक्षेप घेतला. त्याचे म्हणणे असे की, दादाभाईंनी केवळ वस्तूच मोजल्या आहेत. आगगाडीने गहू पंजाबातून दूरच्या बाजारात नेला की त्याची किंमत वाढते आणि ती वाढ हेही उत्पन्नच होय. त्यावर दादाभाईंचे उत्तर मोठे मार्मिक होते. माल नुसता इकडून तिकडे हलविल्याने संपत्ती वाढत असती, तर हिंदुस्थानने आपला माल सतत फिरवीत राहावे म्हणजे तो पाहता पाहता श्रीमंत होईल, असा त्याचा आशय होता. रेल्वेचे भाडे, अधिकाऱ्याचा पगार, वकिलाची फी ही सर्व शेवटी शेतात आणि खाणीत निघालेल्या मालातूनच दिली जातात. म्हणून ती वेगळी धरणे म्हणजे तीच रास दोनदा मोजणे होय, अशी त्यांची भूमिका होती.

ही भूमिका दादाभाईंनी नव्याने काढलेली नव्हती. अठराव्या शतकात फ्रान्समधील केने व त्याचे अनुयायी केवळ जमिनीतूनच खरी निष्पत्ती होते असे मानीत. 1776 साली ॲडम स्मिथने कारखान्यातील मजुराचे श्रम उत्पादक ठरविले. पण घरगुती नोकर, सरकारी अंमलदार, धर्मोपदेशक, वकील, वैद्य, नट आणि गवई या सर्वांना त्याने अनुत्पादक श्रमिकांच्या एकाच रांगेत बसविले. त्यांचे काम करताक्षणीच नाहीसे होते, मागे विकण्याजोगी वस्तू उरत नाही, हे त्याचे कारण. दादाभाईंच्या युक्तिवादामागे मात्र निराळी निकड होती. हिंदुस्थानातील वरिष्ठ सेवांचा मोबदला मोठ्या प्रमाणात पगार, पेन्शन आणि व्याज या रूपाने विलायतेस जात होता. अशा सेवांचे मोल उत्पन्नात मिळवून देश सुखी असल्याचे दाखविणे म्हणजे जखमेच्या रक्ताची गणना प्रकृतीच्या पुष्टीत करण्यासारखे होते. त्यांचा आग्रह तर्काच्या दृष्टीने अपुरा असेल, पण त्यामागील प्रश्न खरा होता.

सरकारने मात्र या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने दिले. 1882 मध्ये बेअरिंग आणि बार्बर या अधिकाऱ्यांनी शेतीचे उत्पन्न 350 कोटी रुपये धरले आणि शेतीबाहेरचे सर्व उत्पन्न त्याच्या निम्मे असावे असे मानून 175 कोटी त्यात मिळविले. एकूण 525 कोटी आणि दरडोई 27 रुपये असा आकडा तयार झाला. कोट्यवधी विणकर, कुंभार, गाडीवान, सावकार, शिक्षक, नोकर-चाकर यांचे वर्षभराचे श्रम असे एका 'निम्म्या'त बसविले गेले. 1901 मध्ये लॉर्ड कर्झनने दरडोई 30 रुपये हा आकडा सांगितला, तो याच वाटेने. सेवा मोजू नयेत म्हणणारे दादाभाई आणि त्या निम्म्या धरणारे अधिकारी या दोघांच्या मध्ये प्रत्यक्ष मोजणी अशी कोणी केलीच नव्हती. पुढे 1924 मध्ये शहा आणि खंबाटा यांनीही वस्तूंवरच भर देऊन दादाभाईंची परंपरा चालविली.

खरी वाट काढली ती डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी. 1931-32 सालच्या ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न मोजणारा त्यांचा ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. शेती, खाणी, जंगले, मासेमारी येथे जेवढा माल निघाला तेवढा मोजावा आणि जेथे वस्तू हाती लागत नाही तेथे माणसे मोजून त्यांची कमाई मोजावी, असा संमिश्र मार्ग त्यांनी पत्करला. 1931 च्या खानेसुमारीतील व्यवसायवार संख्या, प्राप्तिकराच्या नोंदी आणि मजुरी-पगाराविषयीच्या खास चौकशा यांचा त्यांनी उपयोग केला. दरडोई उत्पन्न सुमारे 62 रुपये आले. आकड्यापेक्षाही महत्त्वाची होती ती पद्धती. एकच रास दोनदा मोजण्याची भीती तिने दूर केली. कारण शेतकऱ्याने न्हाव्यास दिलेले धान्य ही देवघेव होय. शेतकऱ्याने धान्य पिकविले हे एक काम आणि न्हाव्याने हजामत केली हे दुसरे काम, अशी दोन कामे झाली आणि दोघांनी ती परस्परांशी बदलून घेतली. रास एकच असली तरी गावाने उपभोगलेल्या गोष्टी दोन आहेत. न्हाव्याने काम सोडले तर रास तेवढीच राहील, पण गाव एका सुखास मुकेल. सेवा हे उत्पन्न आहे, याचा सोपा पुरावा हाच.

स्वातंत्र्यानंतर 4 ऑगस्ट 1949 रोजी भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सदस्य दोन: डॉ. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. सायमन कुझ्नेट्स, रिचर्ड स्टोन आणि डर्कसन या परदेशी तज्ज्ञांचा सल्ला समितीला लाभला. तिच्या 1951 च्या पहिल्या अहवालात 1948-49 चे राष्ट्रीय उत्पन्न 8,710 कोटी रुपये दिले आहे. त्यांपैकी शेती व तत्सम व्यवसाय 4,150 कोटी, खाणी, कारखाने व हस्तव्यवसाय 1,500 कोटी, व्यापार, वाहतूक व दळणवळण 1,700 कोटी आणि इतर सेवा 1,380 कोटी असे भाग पडले. परदेशांशी झालेल्या देवघेवीतील सुमारे 20 कोटींची तूट वजा जाता ही बेरीज जुळते. म्हणजे कृषिप्रधान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशातही एकतृतीयांशाहून अधिक उत्पन्न वस्तू न घडविणाऱ्या हातांचे होते. सोव्हिएत पद्धतीच्या देशांत त्या काळी प्रवासी वाहतूक, शिक्षण, वैद्यक, कारभार यांना उत्पन्नात स्थान नव्हते. त्या देशांविषयी आस्था असलेल्या महालनोबिसांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र सेवा पूर्णपणे धरल्या. सोव्हिएत संघ 1991 मध्ये संपुष्टात आला आणि संयुक्त राष्ट्रांनी 1993 मध्ये आपली हिशेबपद्धती सुधारली, तेव्हा ती जुनी पद्धत मागे पडली.

देशाचा हिशेब असा मार्गी लागला, तरी राज्याचा हिशेब अधिक अवघड ठरला. कापसाची गासडी कोठे तयार झाली हे सांगता येते, पण भुसावळहून निघालेली आगगाडी खांडव्यावरून इटारसीस जाते, तेव्हा तिची सेवा कोणत्या राज्यात निर्माण झाली? पत्र बेळगावात टाकले, मुंबईत छाटले आणि इंदुरात वाटले, तर टपालखात्याचे काम कोणाच्या खाती मांडावे? बँकेची कचेरी मुंबईत, ठेवीदार गोव्यात आणि कर्जदार हैदराबादेत असला तर नफ्याचा वाटा कोणाचा? अशा सेवांना सीमा नसते. म्हणून रेल्वे, दळणवळण, बँका, विमा आणि केंद्र सरकारचा कारभार यांचा हिशेब देशासाठी एकत्र करून मग राज्यांत वाटण्याची रीत पडली. बँकांच्या बाबतीत त्या त्या राज्यातील ठेवी व कर्जे ही वाटणीची फूटपट्टी झाली. 1972 मध्ये प्रा. मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या प्रादेशिक लेखा समितीने या राज्यवार हिशेबांना शिस्त लावली. तरीही वाटणी ही वाटणीच, ती मोजणी नव्हे, हे विसरता येत नाही.

राज्याच्या उत्पन्नात आणखी एक भेद आहे. हिशेब राज्याच्या हद्दीत घडलेल्या कामाचा होतो, राज्यातील माणसांच्या हाती आलेल्या पैशाचा नव्हे. गोव्याचा खलाशी परदेशी जहाजावर राबून घरी पैसे पाठवितो, ते गोव्याच्या राज्य उत्पादनात येत नाहीत. कोकणातला चाकरमानी गिरणीत किंवा पेढीत राबून मनीऑर्डर करीत असे, तिने रत्नागिरीची चूल पेटे, पण उत्पन्न मुंबईच्या खाती पडे. उलटपक्षी परप्रांतातील भांडवलावर चालणाऱ्या हॉटेलाचे उत्पन्न गोव्याचे म्हणून गणले जाते, मग त्याचा नफा कोठेही जावो. दादाभाईंनी विलायतेस वाहून जाणाऱ्या पैशाविषयी उपस्थित केलेली शंका राज्यांच्या पातळीवर अशी पुन्हा उभी राहते.

एवढे सारे जमले तरी मुख्य अडचण उरतेच. रुपयांतील आकडा वाढला म्हणजे काम वाढले असे होत नाही. भाव दुप्पट झाला आणि हजामती तेवढ्याच राहिल्या, तर वास्तविक निष्पत्ती काडीमात्र वाढलेली नसते. म्हणून महागाई वजा करून स्थिर किंमतींचा हिशेब करतात. गव्हाच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण क्विंटल तो क्विंटलच असतो. शिक्षकाच्या कामाचा क्विंटल कोणता? शिकविलेल्या मुलांची संख्या धरावी, तर एका वर्गात शंभर मुले कोंबणारी शाळा सर्वांत उत्पादक ठरेल. डॉक्टरने तपासलेले रोगी मोजावे, तर जो रोगी एकदाच बरा झाला त्याच्यापेक्षा पाच वेळा परत येणारा रोगी राज्याच्या उत्पन्नात पाचपट भर घालील.

हे अवघड म्हणून हिशेबनिसांनी जुना मार्ग धरला. ज्या सेवेची बाजारात विक्री होत नाही, तिचे मोल तिच्यावर झालेल्या खर्चाएवढे धरावयाचे. मामलेदार कचेरीचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः तेथील पगार. या रीतीने कारकून सुस्त असो की तत्पर, दाखला एका दिवसात मिळो की महिन्याने, हिशेबात फरक पडत नाही. पाचव्या वेतन आयोगाच्या शिफारशी 1997 मध्ये अमलात आल्या, तेव्हा पगार महागाईपेक्षा अधिक वाढले आणि सरकारी कारभाराची 'वास्तविक' निष्पत्ती कागदावर मोठी झेप घेऊन गेली. त्या वर्षी नागरिकाचे काम तितक्याच वेगाने लवकर होऊ लागले, असे मात्र कोणी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये या दोषाचा विचार करून ॲटकिन्सन यांनी 2005 मध्ये अहवाल दिला आणि उपचार झालेले रोगी, शिकलेले विद्यार्थी यांची प्रत्यक्ष गणती गुणवत्तेसह करावी असे सुचविले. ती वाट योग्य असली तरी खडतर आहे.

खासगी सेवांची अडचण निराळी. 2011-12 हे आधारवर्ष धरलेली नवी मालिका 2015 मध्ये आली आणि कंपन्यांनी सरकारकडे दाखल केलेल्या ताळेबंदांचा तीत मोठा वापर झाला. पण 2016-17 मध्ये सेवा व्यवसायांची जी राष्ट्रीय नमुना पाहणी झाली, तीत त्या यादीतील एकतृतीयांशाहून अधिक आस्थापना एकतर सापडल्या नाहीत, किंवा बंद पडलेल्या अथवा भलत्याच व्यवसायात गणलेल्या निघाल्या. दुसरीकडे रस्त्यावरचा चहावाला, शिकवणी घेणारी बाई, रिक्षावाला यांचे ताळेबंद कोठेच नसतात. त्यांच्या कमाईचा अंदाज अधूनमधून होणाऱ्या पाहण्यांवर उभा असतो आणि दोन पाहण्यांच्या मधील वर्षांत तो अनुमानानेच पुढे ढकलला जातो. 1882 मधला तो 'निम्मा' पुष्कळ सुधारला आहे, पण अगदीच नाहीसा झालेला नाही.

आणि ज्या सेवेचा मोबदलाच मिळत नाही, तिचे काय? केंब्रिजच्या पिगू यांनी 1920 मध्ये दाखवून दिले की, एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी गृहव्यवस्थापिकेशी विवाह केला की राष्ट्रीय उत्पन्न घटते. काम तेच, घर तेच, फक्त पगार थांबला. ही थट्टेची गोष्ट वाटते, परंतु तिच्यामागील वास्तव थट्टेचे नाही. भारतात 2019 मध्ये झालेल्या कालवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास देतात, तर ते करणारे पुरुष 97 मिनिटे देतात. या पाच तासांतील एकही मिनिट कोणत्याही राज्याच्या उत्पन्नात मोडत नाही. खाणावळीतील पोळी मोजली जाते, घरची मोजली जात नाही.

मोबदल्यावरून काम मोजण्याच्या पद्धतीतील सर्वांत गंभीर दोष येथेच दिसतो. ज्याला कमी देण्यात येते त्याचे काम कमी ठरते. गावकीतील बलुत्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. अर्थशास्त्राचे गाढे अभ्यासक असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनदारास सरकारी कामासाठी रात्रंदिवस हजर राहावे लागे, तो नसेल तर घरातील दुसऱ्याने उभे राहावे लागे, आणि मोबदला मात्र जमिनीचा तुकडा, बलुते आणि नाममात्र पगार. कामाच्या मानाने रोख आणि निश्चित वेतन मिळावे, ही त्यांची मागणी होती. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. पण कोणी हिशेबनीस त्या काळी गावाचे उत्पन्न मांडता, तर त्याच्या वहीत त्या अहोरात्र राबणुकीची किंमत सुपातल्या धान्याएवढीच पडली असती. वही चुकीची नसती, पण वहीतला भाव अन्यायाने ठरलेला होता.

म्हणून राज्याच्या सेवाक्षेत्राची वाढ अमुक टक्के झाली असे वाचनात येते, तेव्हा काही साधे प्रश्न विचारण्याचा प्रत्येक नागरिकास अधिकार आहे. ही वाढ कामाची की पगाराची? ती मोजलेली की वाटून दिलेली? ते काम राज्यात घडले, पण त्याचा लाभ राज्यात राहिला काय? आणि ज्यांचे काम या बेरजेत आलेच नाही, ते कोण? आकडे मांडणाऱ्या संख्याशास्त्रज्ञांना या प्रश्नांची जाण असते, त्यांच्या अहवालांतील तळटिपा त्याची साक्ष देतात. पण तळटिपा कोणी वाचीत नाही आणि आकडा तेवढा सभेत गाजतो.

दादाभाईंनी 20 रुपयांचा आकडा मांडला तो अपुऱ्या साधनांनी, आणि सेवांविषयीचे त्यांचे मत पुढील पिढ्यांनी स्वीकारले नाही. तरीही त्यांचा निबंध आजही आदराने आठवला जातो. आकडा कोणासाठी मांडावयाचा हे त्यांना पक्के ठाऊक होते. रास किती मोठी आहे, हे पाहण्याआधी खळ्यावर कोण उभे आहे आणि कोणाच्या सुपात काय पडते, याकडे त्यांचे लक्ष होते. राज्याच्या उत्पन्नाची मोजणी आज कितीही सूक्ष्म झाली असली, तरी तिचे प्रयोजन तेच आहे.